ट्रोपोनिनची 'नॉर्मल' हद्द बायका-पुरुषांना एकच का छापतात?

सायली_मिरज
नमस्कार मंडळी. आमच्या आत्याला (वय ६१, शुगर आहे, बीपीची गोळी चालू) मध्यंतरी रात्री जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम, मळमळ. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. ओवा झाला, सोडा झाला, मग दवाखाना. ईसीजीत फारसं काही नाही म्हणाले, ट्रोपोनिन आय हाय सेन्सिटिव्हिटी (हृदयाला इजा झालीय का बघायची रक्ताची टेस्ट) केलं ते २१ आलं, रिपोर्टवर नॉर्मल २६ च्या खाली असं छापलेलं, म्हणजे नॉर्मल, म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नेली तर आकडा बराच वर, मग अँजिओ, स्टेंट. आता बरी आहे, कालपासून सुनेला स्वयंपाकातल्या सूचना देणं सुरू झालंय.

प्रश्न असा की त्याच रिपोर्टच्या गठ्ठ्यात हिमोग्लोबिनची नॉर्मल रेंज बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. क्रिएटिनिन वेगळं. फेरिटिन वेगळं. एचडीएलसुद्धा वेगळं. मग ट्रोपोनिनलाच एक आकडा का? हृदय काय युनिसेक्स असतं का? कुणाला माहिती असेल तर सांगा. डॉक्टरांना शिव्या घालायला धागा काढलेला नाही, खरंच समजून घ्यायचंय.

फुकटचा_सल्ला
आमच्या हिच्या मते मला हृदयच नाही, त्यामुळे माझं ट्रोपोनिन शून्य यायला हवं. असो, आत्यांना लवकर आराम पडो.

लॅबवाला_अकोला
सायलीताई, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारला. थोडं सविस्तर लिहितो, वीस वर्षं याच धंद्यात आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं. जुन्या किटला निरोगी माणसाच्या रक्तातलं ट्रोपोनिन दिसायचंच नाही, त्यामुळे बाई असो की पुरुष, सगळ्यांचं निगेटिव्ह. हाय सेन्सिटिव्हिटी किट आल्यावर निरोगी लोकांचंही मोजता यायला लागलं आणि तेव्हा लक्षात आलं की बायकांचं मुळातच कमी असतं. हद्द ठरवायची पद्धत अशी की भरपूर निरोगी लोकांचं रक्त तपासायचं आणि शंभरातले नव्याण्णव ज्या आकड्याच्या खाली येतात तो आकडा धरायचा. अ‍ॅबट कंपनीच्या आर्किटेक्ट मशीनवर (यात ट्रोपोनिन आय मोजतात) सगळे मिळून तो येतो २६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. वेगवेगळा काढला तर पुरुषांचा ३४ आणि बायकांचा १६. आता आत्यांचे २१ त्यात बसवून बघा, जर त्यांची तपासणी याच किटवर झाली असेल तर.

रोश कंपनीचं ट्रोपोनिन टी असतं, तो ट्रोपोनिनचा दुसरा प्रकार, त्याला सरसकट १४ धरतात, वेगळं काढलं तर बायका ९ आणि पुरुष १६-१७. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या रेंजशी ताडून बघायचा नाही, हे लिहून ठेवा, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर हेच करतात.

आता एकच का छापतात? खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी कारण फार साधं असतं. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट टाकली तेव्हा कुणीतरी एकच रेंज भरली आणि ती तशीच राहिली. किटच्या आतल्या कागदावर बायकांचा आकडा वेगळा दिलेला असतो, पण तो कागद वाचतो कोण.

कोल्हापुरी_ठसका
काय ओ लॅबवाले, मग एवढी वर्षं आमच्या आयांचे रिपोर्ट तसेच गेले म्हणायचे की.

तर्कट_तात्या
जरा थांबा मंडळी. लगेच स्त्री-पुरुष अन्यायाची मिरवणूक काढू नका.

या केसमध्ये चूक आकड्याची नाही, एकाच सँपलवर सोडून देण्याची आहे. हार्ट अटॅकची व्याख्याच अशी आहे की ट्रोपोनिन वरखाली होताना दिसलं पाहिजे. पहिलं रक्त घेतलं की तासाने, दोन तासाने, फार तर तीन तासाने दुसरं घ्यायचं आणि आकडा किती हलला ते बघायचं. ते केलं असतं तर हद्द १६ असो की २६, त्याच रात्री पकडलं गेलं असतं. शुगर असलेली ६१ वर्षांची बाई जबडा दुखतोय म्हणून येते तिला एका रिपोर्टवर घरी पाठवणारा माणूस १६ छापलेलं असतं तरी पाठवणार होता.

सायली_मिरज
तात्या, दुसरं सँपल घ्यायला हवं होतं हे मान्यच. पण पहिला रिपोर्ट 'नॉर्मल' असा ठळक छापलेला नसता तर ड्युटीवरच्या मुलाने दुसरं घेतलं असतं ना? रात्री दोनला २४-२५ वर्षांचा पोरगा ड्युटीवर, तो त्या शेजारच्या कॉलमलाच देव मानतो.

धन्वंतरी_नव्हे
मी मेडिसिनवाला, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही एकमेकांना विरोध करताय असं वाटत नाही मला.

२०१८ ची हार्ट अटॅकची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, चौथी, तिच्यात हाय सेन्सिटिव्हिटी किट वापरत असाल तर बायका-पुरुषांच्या हद्दी वेगळ्या धरा असं लिहिलेलंय. आणि त्याच व्याख्येत तात्या म्हणतात ते वरखाली होण्याचंही आहे. बायकांचं कमी का, तर हृदयाचा आकार लहान, स्नायूचं वजन कमी हे एक कारण, हॉर्मोन्सचाही हात असावा असं मानतात.

पण तालुक्याच्या ठिकाणची गोष्ट सांगतो. आमच्याकडे अजून कितीतरी ठिकाणी कार्डावर रक्ताचे थेंब टाकून रेघ उमटते का बघायची तीच टेस्ट आहे. त्यात १६ आणि ३४ चा वाद येतच नाही, रेघ दिसायला रक्तात ट्रोपोनिन भरपूर लागतं. कार्ड निगेटिव्ह म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईक मी पाहिलेत. त्यांना समजावताना घशाला कोरड पडते.

(आणि कृपया कुणी इथे रिपोर्टचे फोटो टाकून निदान मागू नका. छाती, जबडा, हात, पाठ, धाप, घाम यातलं काही होत असेल तर धागा वाचत बसू नका, निघा.)

एडिनबरातली_मालू
सायली, तुझा प्रश्न वाचून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचनमात्र. मी इथे स्कॉटलंडमध्ये कार्डिअ‍ॅक वॉर्डात नर्स आहे आणि हा विषय आमच्या घरचा म्हणायला हरकत नाही, कारण यावरचं सगळ्यात मोठं काम इथलंच आहे. एडिनबरा विद्यापीठाच्या निकोलस मिल्स यांच्या टीमने आधी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास छापला, साधारण अकराशे पेशंट. जुन्या पद्धतीने बायकांमध्ये हार्ट अटॅकचं निदान ११ टक्के होत होतं, बायकांसाठी वेगळी हद्द लावल्यावर ते २२ टक्के झालं. पुरुषांत १९ चं २१, म्हणजे जवळपास तेवढंच.

मग त्यांनी हाय-स्टीक्स नावाचा मोठा ट्रायल केला, स्कॉटलंडमधली १० हॉस्पिटलं, ४८,२८२ पेशंट, २०१८ मध्ये लॅन्सेट जर्नलला आला. बायकांसाठी १६, पुरुषांसाठी ३४. हृदयाला इजा झालीय असं ओळखल्या गेलेल्या बायका ४२ टक्क्यांनी वाढल्या, पुरुष फक्त ६ टक्क्यांनी.

आता पुढचं वाच, कारण इथे सगळे थांबतात. निदान वाढलं पण त्या बायकांचं वर्षभरात पुढे जे व्हायचं, म्हणजे पुन्हा अटॅक किंवा मृत्यू, त्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. का? तर आकडा वेगळा झाला पण उपचार नाही झाले. नवी हद्द लागू झाल्यावरसुद्धा इजा दिसलेल्या बायकांपैकी १५ टक्क्यांना स्टेंट किंवा बायपास मिळाली आणि पुरुषांपैकी ३४ टक्क्यांना. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या बायकांना २६ टक्के, पुरुषांना ४३. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचंही तेच. म्हणजे लॅबने सांगितलं, वॉर्डाने ऐकलं नाही. थोडं न्यायाने सांगायचं तर बायकांमध्ये मोठी नस बंद न होता झालेली इजा जास्त असते, तिथे स्टेंटचा उपयोग नसतो, पण एवढा फरक नुसत्या त्याने भरून निघत नाही असं मला वॉर्डात रोज वाटतं.

तर्कट_तात्या
बघा. मी तेच म्हणतोय. आकडा बदलून काही झालं नाही.

आणि दुसरी बाजूही ठेवतो. स्वित्झर्लंडवाल्यांनी ट्रोपोनिन टी घेऊन हेच केलं, २०१६ मध्ये छापलंय, २,७३४ पेशंट. वेगळ्या हद्दी लावल्यावर निदान किती जणांचं बदललं? तीन. दोन बायका वर गेल्या, एक पुरुष खाली आला. तीन माणसांसाठी सगळी सॉफ्टवेअरं बदलायची का?

एडिनबरातली_मालू
तात्या, "काही झालं नाही" असं मी म्हटलंच नाही. निदान झालं पण पुढचं काम केलं नाही याला आकड्याचा दोष कसा देता? धुराचा भोंगा वाजला आणि कुणी उठलं नाही म्हणून भोंगा काढून टाकणार का?

धन्वंतरी_नव्हे
स्विस अभ्यास टी वर आहे आणि स्कॉटिश आय वर, तिथे थोडी गल्लत होते. टी मध्ये बायका-पुरुषांतलं अंतर तसं कमी आहे, ९ आणि १६-१७, आणि सरसकटची हद्द १४ ही आधीच खालची. आय मध्ये १६ आणि ३४, दुपटीहून जास्त. शिवाय स्विस लोक तासाभराने दुसरं सँपल घेऊन फरक बघण्यात पटाईत, निदान ठरवतानाही सगळे रिपोर्ट समोर ठेवून तज्ज्ञ बसतात. तिथे एका हद्दीचं वजन कमीच पडणार. जिथे एकच सँपल घेऊन निर्णय होतो तिथे मात्र ती छापलेली हद्दच सगळं ठरवते. म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी.

आता तर मिल्स यांच्याच टीमने हद्द हा प्रकारच बाजूला ठेवून कॉम्प्युटरचं मॉडेल केलंय, कोड-एसीएस नाव, २०२३ मध्ये छापलं. ट्रोपोनिन, वय, स्त्री की पुरुष, ईसीजी, दुखायला लागून किती वेळ झाला असं सगळं घालायचं आणि अटॅकची शक्यता शंभरपैकी किती ते बाहेर येतं. ट्रोपोनिनला 'नॉर्मल' की 'अ‍ॅबनॉर्मल' असे दोनच कप्पे असणं हेच मुळात चूक, असं त्यांचं म्हणणं.

निशिगंध
अवांतर होईल पण विचारते. मी केसांसाठी बायोटिन घेते, त्याने रक्ताच्या टेस्ट बिघडतात असं कुठेतरी वाचलं. हृदयाच्या पण का?

लॅबवाला_अकोला
निशिगंध, अवांतर नाही, एकदम विषयातलं आहे. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम आणि केसांच्या गोळ्यांत असतात ५,००० नाहीतर १०,०००. काही किटमध्ये रसायन पकडून ठेवायला बायोटिनचीच युक्ती वापरलेली असते, रक्तात ते उतू जात असेल तर मशीन फसतं आणि ट्रोपोनिन खोटं कमी दाखवतं. थायरॉइडचे आकडेही वेडेवाकडे येतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा काढला, त्यात अशा खोट्या कमी ट्रोपोनिनमुळे झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. नंतर कंपन्यांनी किट सुधारलीत, पण सगळीकडे नवीच आहेत असं मी छातीठोक सांगणार नाही.

साधी गोष्ट, इमर्जन्सीत रक्त घेताना सांगायचं की मी बायोटिन घेते. आणि ठरवून करायची टेस्ट असेल तर दोनतीन दिवस आधी बंद.

फुकटचा_सल्ला
डोक्यावर केस नसण्याचा एवढा मोठा वैद्यकीय फायदा मला आजच कळला.

कोल्हापुरी_ठसका
सल्लाकार, तुम्हाला हृदय नाही, केस नाहीत, नक्की काय आहे ते तरी सांगा.

नागपूरची_संत्री
मला वेगळंच विचारायचंय. ट्रोपोनिन तर अटॅक आल्यावरचं झालं. आधी कळायला काय? फुल बॉडी पॅकेजमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की आमची बहीण वर्षभर खूश. बायकांसाठी वेगळं काही बघतात का?

धन्वंतरी_नव्हे
चांगला प्रश्न. यावर २०२४ मध्ये एक फार महत्त्वाचं काम आलं, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये, पॉल रिडकर आणि मंडळी. अमेरिकेतल्या २७,९३९ बायका, सुरुवातीला सरासरी वय पंचावन्नच्या आसपास, एकदाच रक्त घेतलं आणि पुढे ३० वर्षं त्यांचं काय होतंय ते बघितलं. तीन गोष्टी मोजल्या होत्या. एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल), हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अंगात आतून सूज असेल तर वाढतं), आणि लायपोप्रोटीन लिटल ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा एक कण).

एलडीएल सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शात असलेल्यांना खालच्या पाचव्या हिश्शापेक्षा धोका ३६ टक्के जास्त. लायपोप्रोटीन लिटल ए चा ३३ टक्के. आणि सीआरपीचा ७० टक्के. एका थेंबातून तीस वर्षांपुढचं, म्हणजे पत्रिकेपेक्षा बरंच बरं. तिन्ही वर असलेल्यांचा धोका अर्थात सगळ्यात जास्त.

पण सीआरपी बघताना बायकांच्या बाबतीत एक भानगड आहे. बायकांचं सीआरपी एरवीही पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं. लठ्ठपणाने वाढतं, पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं, सर्दीतापाने तर वाढतंच. त्यामुळे दाढ दुखत असताना केलेल्या सीआरपीवर रडत बसू नका, बरं वाटल्यावर परत करा.

नागपूरची_संत्री
बावा, हे लायपोप्रोटीन लिटल ए तर कुठल्याच पॅकेजमध्ये नसते आमच्याकडे.

लॅबवाला_अकोला
नसतं कारण कुणी मागत नाही. वेगळं सांगून करा. जन्मभरात एकदा केलं तरी बहुतेकांना पुरतं, ते आईबापांकडून आलेलं असतं, चालून-पळून उतरत नाही. फक्त बायकांमध्ये पाळी गेल्यावर थोडं वाढतं, म्हणून तिशीत बरं आलेलं पन्नाशीनंतर एकदा परत बघायला हरकत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर किंवा दुसऱ्या एककात १२५ नॅनोमोलच्या वर गेलं की जास्त म्हणतात. दोन एककं वेगळी आहेत, एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला जाऊ नका.

तर्कट_तात्या
त्या अमेरिकन बायका बहुतेक सगळ्या गोऱ्या आणि आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या, स्वतःची काळजी घेणाऱ्या. आपल्या आत्या-मावश्यांना ते गणित जसंच्या तसं कसं लागणार?

धन्वंतरी_नव्हे
तात्या, हा मुद्दा मात्र शंभर टक्के तुमचा. आपल्याकडे सगळंच लवकर येतं. इंटरहार्ट म्हणून ५२ देशांतला अभ्यास होता, २००४ चा. बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा येतो हे त्यातलंच, पण दक्षिण आशियातल्या लोकांना मुळात पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३ व्या वर्षी. आणि आपल्याकडे पाळीही लवकर जाते, सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे बायकांना जी नऊ वर्षांची सवलत मिळते म्हणतात ती आपल्याकडे लवकरच सुरू होऊन लवकरच संपते. धोक्याची दिशा तीच राहील, किती टक्के हे आपल्या लोकांवर मोजल्याशिवाय कळणार नाही.

वसुधा_पर्वरी
मी गोव्याहून. रक्ताच्या टेस्टचं एवढं चाललंय म्हणून लिहिते. मला दुसऱ्या वेळी गरोदरपणात बीपी भयंकर वाढलं होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं, सातव्या महिन्यात सिझर. ते पोर आता इंजिनिअर झालं. त्यानंतर इतक्या तपासण्या झाल्या पण एकाही डॉक्टरने विचारलं नाही की बाळंतपणात काही झालं होतं का. माझ्या मुलीनेच वाचून सांगितलं की त्याचा हृदयाशी संबंध आहे. आहे का खरंच?

एडिनबरातली_मालू
वसुधाताई, आहे, आणि चांगलाच आहे. त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. ज्यांना तो झाला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ पासून बायकांच्या धोक्याच्या यादीत तो घातलाय. ही माहिती कुठल्याच रक्तात दिसत नाही, विचारावीच लागते. कुणी विचारो न विचारो, प्रत्येक डॉक्टरला स्वतःहून सांगत जा. बीपी आणि शुगर नियमित बघताय ना?

वसुधा_पर्वरी
बीपी बघते. शुगर बघायला भीती वाटते, चतुर्थी झाल्यावर बघेन.

सायली_मिरज
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक अपडेट. आज त्या लॅबला फोन केला. आधी म्हणाले रेंज कंपनीची आहे मॅडम. मी म्हटलं किटमधला कागद बघून सांगा, धरून बसते. पाच मिनिटांनी माणूस परत आला आणि म्हणाला हो, आत वेगळं दिलंय, बायकांना १६. सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो म्हणाला. लॅबवाले दादा, तुमचा अंदाज अचूक निघाला.

लॅबवाला_अकोला
सांगतो म्हणाला म्हणजे दिवाळीपर्यंत होईल. पंधरा दिवसांनी परत फोन करा, तिसऱ्या फोनला नक्की होतं. माझ्याकडची पण सगळी यादी आज काढून बघितली, ट्रोपोनिन ठीक होतं पण एनटी-प्रोबीएनपीला वय घातलेलं आहे, स्त्री-पुरुष नाही. डॉक्टरसाहेब, तिथे वेगळं लागतं का?

धन्वंतरी_नव्हे
तिथे गंमत उलटी आहे. हृदयावर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी वाढतं, हार्ट फेल्युअरसाठी करतात. निरोगी तरुण बायकांत ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट असतं. पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन ते दाबून ठेवतं असा कयास आहे. ओपीडीत सगळ्यांना १२५ ची हद्द लावतात, त्यामुळे एखाद्या धडधाकट बाईचा आकडा थोडा वर जाऊन ती उगाच घाबरते आणि एखाद्या पुरुषाचा ९० म्हणजे त्याच्या मानाने जास्तच असतो, तो मात्र निवांत घरी जातो. हार्ट फेल्युअर एकदा झालं आणि आकडे हजारांत गेले की हा फरक बराच पुसला जातो, पुढचं भाकित दोघांत सारखंच लागतं.

त्यात लठ्ठपणा घाला. वजन जास्त असेल तर एनटी-प्रोबीएनपी कमी येतं. म्हणजे साठीची, वजनदार, जिना चढताना धापा टाकणारी बाई, हृदय आकुंचन नीट पावतंय पण सैल नीट पडत नाही असला प्रकार, जो बायकांतच जास्त दिसतो, तिचा रिपोर्ट बिनधास्त 'नॉर्मल' येऊ शकतो. वय वाढलं म्हणून, वजन वाढलं म्हणून धाप लागते असं तिला सगळे सांगतात. ती पण स्वतःला तेच सांगते.

फुकटचा_सल्ला
डॉक्टर, थट्टा बाजूला ठेवून विचारतो. माझा ९५ आला होता गेल्या वर्षी, वय ५२. रिपोर्टवर १२५ च्या खाली म्हणून फाईलला लावून टाकला. धाप वगैरे नाही, बीपी मात्र काठावर असतं.

धन्वंतरी_नव्हे
घाबरू नका, पण फाईल बाहेर काढा. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा, एक इको करून घ्या, आणि दोन्ही घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. बायकोलाही बरोबर न्या, तिचंही बीपी एकदा बघून होईल.